पुस्तकखरेदीत पैसे नक्की कुठे वाचतात? (छापील आणि ई-पुस्तक, दोन्हींबद्दल)

मंजिरी_उदगीर
नमस्कार मंडळी,
आमच्या घरात चार वाचणारी माणसं आहेत. मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतली लेक. महिन्याला हजार रुपये पुस्तकांसाठी बाजूला काढायचे असं ठरवलंय आणि ते काढतोही. पण हल्ली त्या हजारात तीन पुस्तकंसुद्धा धड बसत नाहीत. दोनशे पानांची कादंबरी तीनशे रुपयांच्या घरात, चरित्र घ्यायचं म्हटलं की पाचशेच्या पुढे, वर टपालखर्च वेगळा.

उदगीरला शालेय पुस्तकांची दुकानं आहेत, गाइडं मिळतात. ललित पुस्तकं मात्र बाहेरून मागवावी लागतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये साहित्य संमेलन आमच्या गावात झालं तेव्हा ग्रंथदालनात पुस्तकं चाळून, निवडून मनसोक्त खरेदी केली. पण संमेलन काही दरवर्षी दारात भरत नाही.

तर प्रश्न असे. छापील पुस्तकांवर खरी सवलत कुठे मिळते? ई-पुस्तक खरंच स्वस्त पडतं का? सासूबाईंना अक्षर मोठं लागतं, म्हणून तोही विचार चाललाय. आणि टपालखर्च कमी करायचा काही मार्ग आहे का?

एक अट आहे. चोरीच्या पीडीएफ नकोत. लिहिणाऱ्याला त्याचे पैसे मिळायलाच हवेत.

माझं स्वतःचं मत असं की सवलतीमागे धावण्यापेक्षा कुठलं पुस्तक घरात हवं आणि कुठलं नुसतं वाचायला हवं हे आधी ठरवलं तर जास्त पैसे वाचतात. नवऱ्याचं म्हणणं उलट आहे, पुस्तक घरात असलं तरच वाचलं जातं. तुम्हाला काय वाटतं?

कट्टेकरी
उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

सदाशिवपेठी
मंजिरीताई, पुण्यात कोणी ओळखीचं येतं-जातं का? अप्पा बळवंत चौकात किंवा बाजीराव रोडला मराठी पुस्तकांवर दहा ते पंधरा टक्के न मागताच मिळतात. चार-पाच पुस्तकं एकदम घेतली तर वीसपर्यंत जातात. पण मागावं लागतं.

बाहेरगावच्या लोकांनी सरळ दुकानात फोन करावा. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, एकूण किती होतील विचारायचं, पैसे यूपीआयने. ऑनलाइन एकेक पुस्तक मागवत बसलं की प्रत्येक वेळी पन्नास-साठ रुपये पाठवणीचे जातात आणि सवलत तिथेच संपते. तीन महिन्यांची यादी साठवा आणि एकदाच मागवा.

डिसेंबरात जमलं तर फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव असतो. २०२३ पासून नॅशनल बुक ट्रस्ट भरवतंय. प्रकाशक स्वतः बसलेले असतात, त्यामुळे मधला विक्रेता नाही आणि सवलत बरी मिळते. शेवटच्या दिवशी परत न्यायचं ओझं नको म्हणून आणखी सोडतात.

निळी_शाई
ई-पुस्तकाबद्दल मी लिहिते. माझं निम्म्याहून जास्त मराठी वाचन आता किंडलवर (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणि अ‍ॅप) होतं.

पहिली गोष्ट, यंत्र विकत घ्यायची घाई करू नका. अ‍ॅप फुकट आहे, फोनवर किंवा घरात टॅब असेल तर त्यावर आधी दोन-तीन महिने वाचून बघा. किंडलवर मराठी आलं २०१६ च्या डिसेंबरात, तेव्हा पुस्तकं अगदी मोजकी होती. आता बऱ्याच मोठ्या प्रकाशकांची आहेत.

दुसरी, प्रत्येक पुस्तकाचा नमुना फुकट उतरवता येतो. सासूबाईंसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण काही मराठी ई-पुस्तकं म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो असतात. त्यात अक्षर मोठं होत नाही, पान मोठं होतं आणि मग ओळ वाचायला पान इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. काहींमध्ये जोडाक्षरं फुटलेली असतात. नमुन्यात हे लगेच कळतं. अक्षराचा आकार वाढवून बघायचा, ओळी नीट मोडल्या तर घ्यायचं.

तिसरी, किंडल अनलिमिटेड. महिन्याचं भाडं भरायचं आणि त्या यादीतली पुस्तकं वाचायची, एका वेळी वीसपर्यंत ठेवता येतात. सगळी मराठी पुस्तकं त्यात नाहीत, म्हणून आधी आपल्या यादीतली किती सापडतात ते बघा. मी वर्षभर भरत नाही. सुट्टीच्या महिन्यात घेते, भरपूर वाचते आणि बंद करते.

हिशोबी_माणूस
कराचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता, २७ जुलै २०१८ पासून ५ टक्के झाला. पण तो ५ टक्के फक्त ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकाला. जे केवळ ई-पुस्तक म्हणूनच निघालंय त्याला १८. छापील किमतीपेक्षा ई-पुस्तक वीस-तीस रुपयांनीच स्वस्त दिसत असेल तर हा कर आणि दुकानाची सवलत धरून पुन्हा गणित करा. बऱ्याचदा छापीलच स्वस्त पडतं.

उदाहरणार्थ, समजा छापील ३००, ई-पुस्तक २४०. दुकानात वीस टक्के सुटले की छापीलही २४०. वाचून झाल्यावर छापील पुस्तक मैत्रिणीला देता येतं किंवा शंभरला विकता येतं. ई-पुस्तकाचं तसं नाही. ते दीडशेच्या खाली आलं तरच घ्यावं असा माझा नियम आहे.

तात्या_बार्शीकर
हिशोबी यांना शंभर टक्के अनुमोदन. आणि त्याहून मोठा मुद्दा मालकीचा आहे. ई-पुस्तक आपण विकत घेत नाही, वाचायचा परवाना घेतो. २००९ साली अमेरिकेत जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत दिले हे खरं, पण पुस्तक गेलं. गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोयही अ‍ॅमेझॉनने बंद केली. माझ्या वडिलांनी घेतलेली पुस्तकं मी वाचतो आहे, माझी नात वाचेल. परवान्याचा वारसा कोण देणार?

निळी_शाई
तात्या, मालकीचं म्हणणं मान्य. पण प्रत्येक पुस्तक नातीपर्यंत पोचवायचं नसतं हो. एखादी रहस्यकथा प्रवासात वाचून संपते. मुंबईच्या खोलीत तिसरं कपाट ठेवायला जागा नाही, आणि कपाटाचे पैसे, घरभाड्यातला त्याचा वाटा कोणी पुस्तकाच्या किमतीत धरत नाही.

गोदाकाठ
पुस्तक स्वस्त, कपाट महाग, आणि कपाटासाठी घर घ्यायचं म्हटलं तर विचारूच नका!

सुट्टीवरचा_पोस्टमन
सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी टपालाचं निघालं की राहवत नाही.

पूर्वी नोंदणीकृत बुक पोस्ट होतं, पुस्तकं पाठवायला सगळ्यात स्वस्त. डिसेंबर २०२४ मध्ये ते अचानक बंद झालं आणि छोट्या प्रकाशकांचे फार हाल झाले. पुस्तकाच्या किमतीएवढा टपालखर्च होऊ लागला. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, वर कर. जमिनीवरच्या वाहतुकीने जातं म्हणून दोन-चार दिवस जास्त लागतात, पण माग काढता येतो.

आता हे बघा. साधारण तीनशे पानी पुस्तक साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतं. म्हणजे ५ किलोच्या पुडक्यात दहा-बारा पुस्तकं आली. शंभराला बारा पुस्तकं, म्हणजे एका पुस्तकाला नऊ रुपयेसुद्धा नाहीत. तेच एकेक पाठवलं तर प्रत्येकी वीसच्या पुढे. वर सदाशिवपेठींनी यादी साठवायला सांगितलंय ते याच कारणाने बरोबर आहे.

नियम थोडे आहेत. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. आत खाजगी पत्र घालायचं नाही. जाहिरातीचं साहित्य चालत नाही. पाकिटावर ज्ञान पोस्ट असं ठळक लिहायचं आणि खिडकीवर तोंडानेही सांगायचं, नाहीतर समोरचा स्पीड पोस्टचे पैसे लावून मोकळा होतो.

मंजिरी_उदगीर
काका, फार उपयोगी माहिती. दुकानदार स्वतःहून ज्ञान पोस्टने पाठवतात का? मला तर सगळीकडून कुरियरनेच येतं.

चिपळूणचा_विक्रेता
ताई, तुम्ही सांगितलंत तर पाठवतात. आम्ही कुरियर वापरतो कारण मुलगा दुकानात येऊन घेऊन जातो. टपालात रांगेत कोणाला तरी उभं करावं लागतं. पण दोन हजारांची मागणी असेल आणि गिऱ्हाईक म्हणालं ज्ञान पोस्टने पाठवा तर कोणी नाही म्हणणार नाही.

सवलतीबद्दल दोन शब्द, कारण इथे सगळे वीस टक्के वीस टक्के म्हणताहेत. मला मराठी पुस्तकावर प्रकाशकाकडून साधारण तीस ते पस्तीस टक्के मिळतात, थोड्या प्रती घेतल्या तर त्याहून कमी. त्यातून गाळ्याचं भाडं, वीज, मुलांचे पगार, वाहतूक. २०२१ च्या पुरात खालचे कप्पे गेले ते वेगळंच. वीस टक्के तुम्हाला दिले की मला हाताशी दहा उरतात. मोठ्या ऑनलाइन दुकानाला ते परवडतं, त्याच्याकडे पुस्तकाबरोबर मिक्सरही विकला जातो. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकाला मी दहा देतो आणि हवं ते पुस्तक आठवड्यात मागवून देतो, बदलूनही देतो. हीसुद्धा पैशाचीच बचत आहे असं मला मनापासून वाटतं.

सदाशिवपेठी
विक्रेतेबुवा, पटलं. तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान टिकणं हे दहा टक्क्यांपेक्षा मोलाचं आहे. मी पुण्यात आहे म्हणून घासाघीस करतो.

रोहन_९८
एवढी चर्चा कशाला? टेलिग्रामवर सगळं आहे. नवीन पुस्तक आलं की महिन्याभरात पीडीएफ येते. मी कॉलेजात आहे, माझ्याकडे तीनशे रुपये नसतात. वाचलंच नाही त्यापेक्षा फुकट वाचलेलं बरं ना?

अनुवादाच्या_टेबलावरून
रोहन, तुला शांतपणे सांगते, कारण तुझी अडचण खरी आहे.

मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेक वेळा हजार प्रतींची असते, हल्ली पाचशेचीही काढतात. लेखकाला छापील किमतीच्या दहा-बारा टक्के मिळतात. तीनशे रुपयांच्या पाचशे प्रती सगळ्या खपल्या तरी लेखकाच्या हातात पंधरा-अठरा हजार येतात, आणि त्यामागे दोन-तीन वर्षांचं काम असतं. अनुवादकाला अनेकदा एकदाच ठरावीक रक्कम मिळते. पाचशेतल्या शंभर लोकांनी पीडीएफ उतरवली तर दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि दुसरी निघाली नाही तर प्रकाशक त्या लेखकाचं पुढचं पुस्तक घेताना दहादा विचार करतो. इंग्रजीत लाखांनी प्रती खपतात, तिथे शंभर जणांनी काही बिघडत नसेल. आपल्याकडे बिघडतं.

तुझ्याकडे पैसे नाहीत तर कॉलेजचं ग्रंथालय आहे, शहरातलं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे पुस्तक नसेल तर मागणी नोंदव. ते एक प्रत विकत घेतात, चाळीस जण वाचतात, लेखकालाही त्याचे पैसे मिळतात.

रोहन_९८
हे आकडे माहीत नव्हते. आमच्या ग्रंथालयात मराठीचं कपाट कुलूपबंद असतं, पण विचारून बघतो.

देशमुखवाडा
रोहन, लेखी अर्ज दे आणि चार मित्रांच्या सह्या घे. कुलूप उघडतं.

कागदी_होडी
फुकट वाचायचंच असेल तर कायदेशीर साठा इतका मोठा आहे की आयुष्य पुरणार नाही. मी या कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनाचे हक्क (कॉपीराइट) राहतात, मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजायचे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं सगळं साहित्य मुक्त झालं. ते कोणीही छापू शकतं, म्हणून एकाच पुस्तकाच्या दहा आवृत्त्या दहा किमतींना दिसतात. अशा पुस्तकांसाठी ई-आवृत्तीला पैसे मोजायची गरजच नाही. मराठी विकिस्रोतावर बरीच आहेत, तिथे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो जुनी मराठी पुस्तकं पडली आहेत. शोधताना नाव रोमन लिपीत वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून बघावं लागतं, कारण नोंदी करताना स्पेलिंगचा मेळ राहिलेला नाही.

साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेली कितीतरी पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. बालभारतीची पुस्तकंही. ई-साहित्य प्रतिष्ठान तर लेखकांच्या संमतीनेच ई-पुस्तकं मोफत देतं.

मंजिरीताई, लेकीसाठी स्टोरीवीव्हर बघा. प्रथम बुक्सचं आहे, २०१५ पासून चालू आहे, मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत आणि त्या छापून घ्यायलाही परवानगी आहे. सातवीच्या मुलीला वरच्या पातळीच्या गोष्टी निवडून द्याव्या लागतील.

तात्या_बार्शीकर
यात शासकीय ग्रंथागार राहिलं, म्हणजे सरकारी प्रकाशनांचं विक्रीकेंद्र. चर्नी रोडला आहे, पुण्यातही आहे. महात्मा फुले समग्र वाङ्मय, बाबासाहेबांची लेखन आणि भाषणे यांचे जाडजूड खंड तिथे ज्या किमतीला मिळतात त्यात बाहेर शंभर पानांचं पुस्तक येत नाही. कायम सगळे खंड शिल्लक नसतात, फोन करून जावं. ही पुस्तकं मात्र छापीलच घ्या, घरात हवीत.

नेवार्कची_वैशाली
परदेशातून लिहिते आहे, आमचं दुखणं थोडं वेगळं. इथे सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड फुकट आणि लिबी अ‍ॅपवर इंग्रजी ई-पुस्तकं घरबसल्या मिळतात, त्यामुळे इंग्रजीवर खर्च जवळजवळ नाही. मराठी पुस्तकं तिथे नसतात. किंडलचं दुकान देशानुसार वेगळं, किमतीही वेगळ्या, आणि भारतात दिसणारं एखादं पुस्तक इथे दिसतच नाही. बुकगंगावरून ई-पुस्तकं घेता येतात, ती मी घेते.

छापील हवं तर भारतातून येणाऱ्याच्या बॅगेत. आमच्या मंडळात आम्ही असं करतो की एकाच्या बॅगेत आलेली पुस्तकं गावोगाव फिरतात. अमेरिकेच्या टपालात पुस्तकांसाठी मीडिया मेल नावाचा स्वस्त दर आहे, त्याने एक खोकं पुढच्या घरी जातं, तिथून पुढे. आतल्या कव्हरवर वाचलेल्यांची नावं. एकेका पुस्तकावर दहा-बारा सह्या जमल्यात.

म्हापशेकार
गोंयच्या लोकांना तरी पणजीची कृष्णदास शामा मध्यवर्ती वाचनालयाची इमारत माहीत असेलच. १८३२ पासूनची संस्था आहे. सभासद होण्याचा खर्च एका पुस्तकापेक्षा कमी आणि मराठी, कोंकणी, पोर्तुगीज सगळं एकाच छताखाली. मी विकत घेतो ती फक्त कवितेची पुस्तकं, कारण कविता परत परत लागते. बाकी सगळं तिथून.

पावशेर_पुस्तकं
जुन्या पुस्तकांबद्दल. माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी आणि फाउंटनला फुटपाथवर बराच काळ खरेदी करतोय. बाहेरगावाहून न बघता मागवायची असतील तर विक्रेत्याकडून चार फोटो मागवा: मुखपृष्ठ, आतलं आवृत्तीचं पान, शिवण दिसेल असा मधला भाग, शेवटचं पान.

हातात घेऊन घेत असाल तर नुसती शेवटची पानं बघून भागत नाही. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी शिवलेलं असतं. जुन्या पुस्तकात सुटं पान क्वचितच हरवतं, जातो तो अख्खा फॉर्म, किंवा एक फॉर्म दोनदा लागलेला असतो. म्हणून १६, ३२, ४८ या पानांपाशी पुढचा आकडा बरोबर येतो का तेवढं पाहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मग पुस्तक उभं धरून कण्यावर टिचकी मारायची. पिवळी भुकटी पडली तर कीड लागली आहे असं समजायचं आणि कितीही दुर्मीळ असो, घरातल्या बाकीच्या पुस्तकांचा विचार करून ठेवून द्यायचं.

फुटपाथवर नवं कोरं पुस्तक निम्म्या किमतीत दिसलं तर ते बहुतेक चोरून छापलेलं. कागद पातळ, पाठचं अक्षर पुढे दिसतं, फोटो काळवंडलेले. ते घेऊ नये. पैसे चुकीच्या माणसाकडे जातात.

सातारी_कंदी
आणि ती ‘कोणतंही पुस्तक शंभर रुपये’ वाली प्रदर्शनं? आमच्याकडे मंगल कार्यालयात लागतात.

पावशेर_पुस्तकं
तिथे चांगला माल असतो, पण आतलं पान वाचा. संक्षिप्त आवृत्ती असेल तर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्याही तिथेच सापडतात, त्या पूर्ण असतील तर जरूर घ्या.

इंद्रायणी_भात
प्रकाशनपूर्व सवलतीचं कोणी काढलं नाही. मोठ्या ग्रंथांवर, संचांवर तीस-चाळीस टक्के सहज सुटतात. मी कोशवाङ्मय असंच घेतलंय. मात्र जपून. एका संचाचे पैसे आगाऊ भरले आणि पहिला खंड आला, बाकीचे येता येता वर्षं लोटली. पुस्तक छापायला गेलंय असं प्रकाशक सांगत असेल तर भरावेत, नुसती योजना जाहीर झाली असेल तर थांबावं.

गोदाकाठ
दिवाळी अंकांचंही लिहा कोणीतरी. दीडशे वर्षं नाही पण १९०९ पासूनची परंपरा आहे आपली!

डोंबिवली_फास्ट
लिहितो. दिवाळी अंक सगळे विकत घेणं आता अशक्य. जवळच्या वाचनालयात दिवाळी अंक योजना असते, ठरावीक रक्कम भरली की दोन-तीन महिने सगळे अंक आलटून पालटून मिळतात. योजना संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये तीच वाचनालयं ते अंक पाव किमतीला काढून टाकतात. थोडे मळलेले असतात, आत सगळं जागेवर असतं. शब्दकोडी मात्र कोणीतरी आधीच सोडवलेली!

आमच्या डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी पुस्तकांच्या अदलाबदलीचा मोठा सोहळा भरवते. वाचून झालेलं पुस्तक द्या, दुसरं न्या. हे कुठल्याही गावात करता येईल, शाळेचा हॉल पुरतो.

ग्रंथपाल_आहे_मी
मंजिरीताईंच्या मूळ मताकडे येते, कारण मला ते बरोबर वाटतं आणि त्यांच्या यजमानांचंही.

तुमच्या तालुक्यात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय नक्की असणार. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग असतात, वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं आणि त्यातला ठरावीक भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावाच लागतो. अडचण अशी की खरेदीच्या वेळी वाचकांकडून कोणी नावं सुचवत नाही, मग पुरवठादार देईल ते गठ्ठे कपाटात जातात. तुम्ही वीस पुस्तकांची यादी लेखक-प्रकाशकासह लिहून द्या. शासनाची मान्य ग्रंथांची यादी दरवर्षी निघते, त्यातली नावं असली तर ग्रंथपालाला काम सोपं जातं. माझ्याकडे वाचकाने यादी दिली तर मी त्याला चहा पाजते.

यजमानांना सांगा, वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते. घरातलं पुस्तक उद्यावर ढकललं जातं, हे पंधरा दिवसांत वाचावं लागतं. आणि वाचून झाल्यावर जे पुन्हा उघडावंसं वाटलं तेच विकत घ्यावं.

तात्या_बार्शीकर
वाचून मग विकत घ्यायचं हे मी कवितेला आणि चरित्राला मानतो. संदर्भग्रंथाला नाही. त्यांच्या आवृत्त्या संपतात आणि पुढची पंधरा वर्षं मिळत नाहीत. दिसला की घ्यावा.

ग्रंथपाल_आहे_मी
मान्य, तात्या.

मंजिरी_उदगीर
सगळ्यांचे मनापासून आभार. घरात रात्री हा धागा मोठ्याने वाचला. नवरा वाचनालयावर तयार झालाय, पण तात्यांच्या शेवटच्या वाक्यावर त्याने बोट ठेवलंच.

सध्या ठरलंय ते असं. सासूबाईंसाठी आधी टॅबवर विकिस्रोत आणि किंडलचे नमुने. त्यांनी आज दुपारी चष्मा न शोधता एक अख्खं प्रकरण वाचलं. लेकीला स्टोरीवीव्हर उघडून दिलंय. वाचनालयाला यादी देणार आहे. हजारातले सहाशे दर महिन्याला साठवायचे आणि तीन महिन्यांनी एकदम मागणी नोंदवायची, ज्ञान पोस्टने. उरलेले चारशे अचानक दिसलेल्या पुस्तकासाठी, ते नसले तर जीव तळमळतो.

चिपळूणच्या दादा, तुमच्याकडून मागवलं तर चालेल का? दहा टक्के चालतील.

चिपळूणचा_विक्रेता
आनंदाने. यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कुठलं पुस्तक आवृत्ती संपल्यामुळे मिळणार नाही ते आधीच कळवीन, म्हणजे तुमचे पैसे अडकणार नाहीत. वजन ५ किलोच्या आत बसवतो.

अहमदपूरची_सुनीता
मंजिरीताई, मी तुमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. ५ किलोत जागा उरली तर माझी तीन पुस्तकं घालाल का? दर महिन्याला उदगीरला माहेरी येते, येऊन घेऊन जाईन. टपालाचा माझा वाटा आधी पाठवते.

मंजिरी_उदगीर
अगं, जरूर! तीनची पाच कर. नावं वीस तारखेच्या आत पाठव, एकवीसला यादी चिपळूणला जाईल.

सुट्टीवरचा_पोस्टमन
पुडकं बांधताना कडांना पुठ्ठा लावायला सांगा दादांना, कोपरे दबतात. आणि पत्त्यावर पिनकोड मोठ्या अक्षरात.